आनंदीबाईंचं कॉलेज काढलं कोणी?

'आनंदी गोपाळ' सिनेमा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. गोपाळरावांचा हट्ट, आनंदीबाईंची जिद्द, सगळं पाठ आहे. पण ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी देणारं फिलाडेल्फियाचं ते मुलींचं मेडिकल कॉलेज काढलं कोणी? मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं. त्यात पुढाकार होता क्वेकर मंडळींचा.

क्वेकर म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक छोटासा पंथ. आज जगभरात मिळून चारेक लाख माणसं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांनी तो सुरू केला. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, मग मधे पाद्री कशाला, असा साधा सवाल. प्रार्थनेला सगळे शांत बसणार. ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्यानं बोलायचं. बायकांनीसुद्धा! शपथ घ्यायची नाही, बड्या लोकांपुढे टोपी काढायची नाही.

याची किंमत त्यांनी मोजली. तुरुंगवास झालाच, शिवाय ऑक्सफर्डचं दारही बंद. तिथे प्रवेशासाठी चर्च ऑफ इंग्लंडची तत्त्वं मान्य करावी लागत. ही अट १८५४ मध्ये सुटली.

अमेरिकेत मात्र या मंडळींनी कॉलेजांचा धडाकाच लावला. हॅवरफर्ड १८३३, स्वार्थमोर १८६४, मुलींसाठी ब्रिन मॉर १८८५. रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकरच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून १८३७ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी संस्था उभी राहिली, तेच आजचं चेनी विद्यापीठ. आणि १८५० मध्ये आनंदीबाईंचं कॉलेज.

तिथल्या पहिल्या बॅचची क्वेकर विद्यार्थिनी अ‍ॅन प्रेस्टन १८६६ मध्ये त्याच कॉलेजची डीन झाली. १८६९ मध्ये तिथल्या मुली पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये लेक्चरला गेल्या, तेव्हा मेडिकलच्याच पोरांनी हुर्यो उडवली, त्यांच्यावर थुंकले. मुली लेक्चरला बसल्याच. चौदा वर्षांनी आनंदीबाई त्याच शहरात शिकायला उतरल्या.

पण क्वेकर म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. समानता मानणाऱ्या याच पंथाच्या हॅवरफर्डमध्ये मुलींना पूर्ण प्रवेश मिळाला तो १९८० मध्ये! म्हणजे स्वतःसाठी दार बंद झाल्याचा अनुभव असला, तरी आपलं दार सगळ्यांना उघडायला दीडशे वर्षं लागू शकतात.

आपल्या वर्गात कोण बसलंय, हे आपण रोज बघतो. कोण बसलेलं नाही, हेही एकदा बघायला हवं.