चिमणीस घर देतांना

शिरूर व दौंड या तालुक्यांतील जुन्या घरांत चिमणीस कोणी पाहुणी समजत नसत. ती घरचीच असे. माळवदाच्या तुळया, दगडमातीच्या भिंतींतील भोंकें, ओसरीवरील तसबिरीमागची जागा, कोठेंही ती संसार थाटी, आणि ज्वारी-बाजरी पाखडतांना सांडलेले दाणे तिला आयते मिळत. आतां घोडनदीच्या कांठीं काय किंवा भीमेच्या कांठीं काय, सिमेंटच्या गुळगुळीत भिंती उभ्या राहिल्या. माणसांची सोय झाली, परंतु चिमणीस काडी ठेवावयास जागा उरली नाहीं. या पाखराकडे लोकांचें लक्ष वेधावें म्हणून नाशिकचे श्री. मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या पुढाकारानें २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो.

गेलेली जागा घरांतील टाकाऊ वस्तूंतून मुलांस पुन्हां करून देतां येईल. मात्र घरटें ही भिंतीची शोभा नव्हे, त्यांत जीव वाढावयाचे असतात, हें प्रथम ध्यानांत धरावें. मुलांच्या हातीं सहज येतो तो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांचें ऊन ज्यानें सोसलें आहे, त्यास सांगावयास नको कीं असा डबा दुपारीं भट्टीसारखा तापतो. चिमणी उडून जाईल. पण ज्यांस पंख फुटले नाहींत तीं पिलें कोठें जाणार? म्हणून घरट्यासाठीं डबा व बाटली वर्ज्य समजावी.

फळांच्या लांकडी खोक्याच्या फळ्या यासाठीं उत्तम. पेटीचा तळ सुमारें ५ इंच लांब-रुंद व उंची ८ ते ९ इंच असावी. पुढील फळीस तळापासून सुमारें ६ इंचांवर सव्वा इंच व्यासाचें भोंक पाडावें. त्यांतून चिमणी जाते. कावळ्यास किंवा साळुंकीस शिरतां येत नाहीं. भोंकाखालीं बसावयास काडी लावूं नये. चिमणीस तिची गरज नसते, शत्रूस मात्र आयता आधार मिळतो. हवेसाठीं माथ्याजवळ व ओल निघून जाण्यासाठीं तळास बारीक छिद्रें ठेवावीं. आंतून रंग देऊं नये. करवत वडील माणसांनीं चालवावी. मापणें व घासणें मुलांनीं करावें. पेटी ८ ते १० फूट उंचीवर, वळचणीखालीं, दुपारचें ऊन व मांजर पोहोंचणार नाहीं अशी घट्ट बसवावी.

दाण्यांसाठीं नारळाची करवंटी पुरे. तिला तीन भोंकें पाडून सुतळीनें सावलींत टांगावी व तींत मूठभर बाजरी किंवा तांदुळाची कणी घालावी. खारट वा तळलेलें कांहीं घालूं नये. पाण्यासाठीं फुटक्या माठाचें बूड घेऊन त्यांत दोन बोटें पाणी ठेवावें, तें रोज बदलावें व भांडें घासावें.

चिमणी बहुधा ३ ते ५ अंडीं घालते. सुमारें १२ दिवसांनीं तीं फुटतात, व पिलें आणखी सुमारें १५ दिवस घरट्यांत राहतात. त्या काळांत आंत डोकावूं नये. पिलांस मुख्यत्वें अळ्या व किडे भरविले जातात. तेव्हां अंगणांतील झुडपांवर विषारी औषध फवारलें, तर पेटी देऊनही पिलें उपाशी राहतील.

शिरूर तालुक्यांतच मोराची चिंचोली हें गांव आहे. तेथें मोर शेतांतून मोकळेपणीं हिंडतात. त्यांस कोणी पेट्या बांधून दिल्या नाहींत. गांवकऱ्यांनीं त्यांस पिढ्यान्‌पिढ्या अभय दिलें. आपल्या चिमणीसही पेटीइतकीच या अभयाची गरज आहे.

पहिल्या वर्षीं पेटी रिकामी राहिली, तर मुलांनीं खट्टू होऊं नये; तिची जागा न बदलतां वाट पाहावी. आणि उन्हाळ्याच्या सुटींत आजोळीं जातांना दाणापाण्याचें काम शेजाऱ्यांवर सोंपवून जावें, कारण पाण्याची खरी टंचाई त्याच दिवसांत असते.