आधी पाणी पारखा, यंत्र नंतर घ्या

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारा एक तरुण आमच्या घरी आला. बोलायला गोड, वागायला अदबशीर. त्याने एका ग्लासात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात आपल्या बाटलीतले ओतले. पिशवीतून सळ्या लावलेले एक उपकरण काढून ते दोन्ही ग्लासांत बुडवले आणि पिन बोर्डात खोचली. मिनिटाभरात नळाचे पाणी हिरवट, मग तपकिरी, शेवटी गटारासारखे काळपट झाले. बाटलीतले पाणी मात्र जसेच्या तसे. "अम्मीजान, हे पाणी तुम्ही रोज पिता," तो म्हणाला. आमच्या अम्मींनी हातातला पेला खाली ठेवला आणि आमच्याकडे पाहिले.

आम्ही व्यापारी माणसे. नमुना दाखवणाऱ्याच्या हाताकडे आधी पाहायची खोड जात नाही. आम्ही त्याला म्हटले, "बेटा, तुझ्या बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा पिन लाव." तो हसून टाळू लागला. शेवटी मीठ आम्हीच टाकले. त्याचेही पाणी काळे झाले.

यात जादू काही नाही. त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि सळईचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. तो काळा-तपकिरी गाळ सळईचा असतो, पाण्याचा नव्हे. बाटलीतल्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्याने त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. पोराला आम्ही दोष देत नाही, त्याला शिकवले तसे तो करतो. आपले कित्येक तरुण आज फिल्टर बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांनी ही सळईची करामत सोडावी, एवढे मात्र आम्ही सांगू. गिऱ्हाइकाला भीती दाखवून विकलेला माल एकदाच विकला जातो.

मग त्याने पेनासारखे मीटर काढले. त्यावर आकडा आला ४१०. हा आकडा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. म्हणजे आमचे पाणी या हिशेबात बसणारे होते. पण मुख्य मुद्दा पुढेच आहे. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते. रोगजंतू त्याला दिसत नाहीत. ४१० च्या पाण्यात गटार मिसळले तरी आकडा फारसा हलणार नाही, आणि ९०० चे पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्मळ असू शकते. तागा घेताना नुसते वजन करून रंग पक्का आहे की कच्चा हे कळत नाही, तसेच हे आहे.

आणि माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा जंतूंनी. पॉवरलूमवाल्या बांधवांना इचलकरंजीची आठवण असेल. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. कावीळ झालेला कारागीर आठवडेच्या आठवडे मागावर उभा राहू शकत नाही, आणि पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार, हिपॅटायटिस-ई, गरोदर बाईच्या जिवावर बेततो. अलीकडची गोष्ट पुण्याची. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला हातापायांतली ताकद अचानक जाण्याच्या आजाराचे, गिया-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक निघाले. पुढे पुणे परिसरात मिळून त्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड गाव, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. तिथल्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. त्याच वेळी खासगी आरओ पाण्याचे काही प्रकल्पही महापालिकेला बंद करावे लागले. आरओची पाटी लावलेल्या जागेचे पाणी म्हणजे आपोआप चांगले, असे नाही.

शहराचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा सहसा ठीक असते. बिघडते ते वाटेत. आमच्या मराठवाड्यातल्या शहरात नळ चार-पाच दिवसांआड येतो. मधल्या काळात वाहिनी रिकामी पडते. तिला कुठे चीर असली आणि शेजारून गटार जात असले, तर घाण आत शिरायला मोकळीक मिळते. नळ आला की गल्लीतला प्रत्येक जण मोटार लावून पाणी ओढतो. मोटार पाणी ओढते तशी चिरेतली घाणही ओढते. म्हणून पाणी आल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटे ते धुण्याभांड्यांना वापरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ओटीच्या थेंबांनी पाहता येते. थोडे पाणी घेऊन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. नळापाशी ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी असावे. रंग येत नसेल तर पाणी वाटेत बिघडले असल्याची शंका घ्यावी.

आता विहिरी, आड आणि बोअर. आपल्याकडच्या काळ्या खडकातले पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, किटलीत पांढरा थर धरतो. याचा त्रास भांड्यांना आणि गिझरला अधिक, पोटाला कमी. घात करतात त्या न दिसणाऱ्या दोन गोष्टी. पहिली नायट्रेट. जुन्या मोहल्ल्यात आड आणि संडासाची टाकी यांत कधी कधी दहा पावलांचेही अंतर नसते, आणि नायट्रेट तिथूनच झिरपते. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाला धोका. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. दुसरे फ्लोराइड. त्याची मर्यादा १ आणि नाइलाजाने १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बोअरमध्ये ते जास्त आढळले आहे. त्याने दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे आखडतात. त्या भागातल्या बांधवांनी बोअरचे पाणी तपासल्याशिवाय पिऊच नये.

विहिरीत टीसीएल पावडर टाकणारे पुष्कळ, हिशेब करणारे थोडे. हिशेब असा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने. आले तितके हजार लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पाण्यात सोडून हलवावी आणि तासभर उपसा बंद ठेवावा. हे रात्री करणे सोयीचे. पोते उघडे राहिले तर पावडरीचा जोर उडून जातो. मागच्या वर्षीची पावडर टाकून समाधान मानणारे आम्ही पाहिले आहेत.

आमच्या घरचे पुढे काय झाले ते सांगतो. यंत्र न घेता आम्ही आधी नमुने काढले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. क्षारांच्या तपासणीला स्वच्छ कॅनमध्ये पाणी न्यावे. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणावी, आतून हात लावू नये आणि भरून थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावी. घरच्या घरी पाहायचे तर एचटूएस कुपी मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सोपी पद्धत १९८२ मध्ये मांडली. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून झाकून ठेवायचे. एक-दोन दिवसांत काळे पडले तर पाण्यात मैल्याचा संपर्क आहे असे समजावे.

आमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. नळाचे पाणी मीटरपाशी घेतले तेव्हा कुपी काळी झाली नाही. गच्चीवरच्या टाकीतून घेतलेली मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी. टाकीचे झाकण फुटलेले होते, तळाशी बोटभर गाळ होता आणि एक पाल मरून पडलेली. मोटारीचा पाइपही गटारातूनच गेलेला, त्याच्या सांध्याला सुतळी गुंडाळलेली. हे सगळे आमच्याच घरचे, दोष द्यायला दुसरे कोणी नाही.

ज्या घरात फक्त बोअर आहे आणि त्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा फार क्षार आहेत, तिथे आरओ घ्यावाच. उकळण्याने किंवा कँडल फिल्टरने ते काम होत नाही. पण एक लिटर पाण्यामागे सहसा दोन-तीन लिटर वाया जाते, ते फरशीला वापरावे. जिथे क्षार ५०० च्या आत आहेत आणि तक्रार जंतूंचीच आहे, तिथे खळखळ उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळलेले पाणी, किंवा साधे यूव्हीचे यंत्र पुरे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही मे २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ नको असेच म्हटले होते. मग पाणी झाकलेल्या माठात ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. पेला बुडवला की सगळी मेहनत पाण्यात.

कारखान्यातल्या पाण्याचेही तेच. कामगारांसाठी थंड जार मागवणाऱ्या मालकाने पुरवठादाराकडे तपासणीचा ताजा दाखला मागावा आणि वर्षातून एक-दोनदा आपणही कुपी भरून पाहावी. चार शिंपी एकाच वेळी जुलाबाने घरी बसले की ऐन सणाच्या ऑर्डरी किती रखडतात, हे आम्ही शिलाईवाल्यांना सांगायला नको.

आम्ही टाकी घासून धुतली, झाकण नवे केले, प्लंबरला बोलावून पाइप गटारातून काढून भिंतीवरून घेतला. तो तरुण महिन्याने पुन्हा आला, या वेळी सळ्यांची पिशवी नव्हती. अम्मींनी त्याला चहा दिला आणि टाकीच्या पाण्याची दुसरी कुपी दाखवली. तीन दिवस झाले होते, ती काळी झाली नव्हती.