पेटीवादक व संगीतकार गोविंदराव टेंबे

धाराशिव जिल्ह्यांतील कळंबसारख्या गांवीं भजनाची बैठक असो किंवा मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत संगीत नाटक असो, पेटीवांचून सहसा भागत नाहीं. हें वाद्य मराठी माणसाच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, तें परदेशांतून आलें याचें कोणास स्मरणहि होत नाहीं. १८४२ सालीं अलेक्सांद्र देबँ या फ्रेंच कारागिरानें पॅरिस येथें ‘हार्मोनियम’ या नांवानें त्याचें पेटंट घेतलें. तिकडे तें पायानें भाता चालवून वाजवीत. हिंदुस्थानांत मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठीं त्याची हातपेटी झाली. एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर. संगीत रंगभूमीवर मात्र पायपेटी व ऑर्गन यांचा मान पुष्कळ वर्षें टिकला. या उपऱ्या वाद्याला महाराष्ट्रांत ज्यांनीं प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत गोविंद सदाशिव टेंबे यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

पेटीवरील आक्षेप जुनाच आहे, आणि तो निराधार नाहीं. षड्जाचीं कंपनें सेकंदाला २४० धरलीं, तर तंबोऱ्यांतून उमटणारा शुद्ध गांधार बरोबर ३०० कंपनांचा असतो. विलायती पद्धतीनें जुळविलेल्या पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळें तिचा गांधार सुमारें ३०२.४ कंपनांवर बोलतो. फरक दिसावयास अल्प. परंतु तंबोऱ्याजवळ तो सूर धरून ठेवला कीं, तयार कानाला तो खुपल्यावांचून राहत नाहीं. दुसरी उणीव मींडेची. तंतुवाद्यावर बोट घसरवून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जातां येतें. पेटीच्या पट्ट्यांमधील वाट मात्र मोकळी नाहीं. आपल्या गायनाचा प्राण जर मींडेंत आणि श्रुतींत, तर या वाद्यानें त्याची संगत करावी तरी कशी, असा हा प्रश्न आहे.

१८८१ सालीं जन्मलेले गोविंदराव मूळचे कोल्हापूरकडचे. पेटी त्यांनीं बव्हंशीं स्वतःच्या श्रवणाच्या बळावर साधली. पुढें भास्करबुवा बखले यांच्या गायनाला साथ करण्याचा योग आला, आणि त्यांनाच गोविंदरावांनीं गुरुस्थानीं मानलें. भास्करबुवांच्या गळ्यांत ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या एकवटली होती. अल्लादियाखाँसाहेबांसारखा थोर गवई तर कोल्हापुरांतच होता. साथीदाराचें काम बाहेरून दुय्यम दिसतें. पण गवयाची पुढील जागा कोणती, हें त्याला क्षणभर आधीं ओळखावें लागतें. मींड निघत नसेल, तर तिचा आभास कोणत्या कणस्वरानें द्यावा, आणि कोणत्या स्वरावर मुळींच थांबूं नये, हेंहि त्याला ठरवावें लागतें. म्हणजे वाद्याच्या उणिवेमुळेंच वादकाचा कान अधिक जागा राहतो. साथींतून स्वतंत्र पेटीवादनाकडे वळणाऱ्या पहिल्या वादकांत गोविंदराव गणले जातात, त्याचें मूळ या शिक्षणांत आहे.

या जाग्या कानाचें फळ १९११ सालीं रंगभूमीला मिळालें. किर्लोस्कर नाटक मंडळीनें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें, आणि त्याच्या पदांच्या चाली गोविंदरावांनीं दिल्या. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून नाट्यपदांवर साकी, दिंडी व कीर्तनी चाली यांचा पगडा होता. गोविंदरावांनीं रागदारी चिजा आणि उत्तरेकडील ठुमरी-दादरा यांचा मार्ग खुला केला. भामिनीच्या भूमिकेंत बालगंधर्व होते. विस्ताराला जागा आहे, पण प्रसंगाला सोडून जात नाहीं, अशी चाल त्या गळ्याला मिळाली. नाट्यपद हें घरोघर गुणगुणण्याचें आणि मैफलींतहि मांडण्याचें गाणें झालें, त्यांत या नाटकाचा वाटा मोठा आहे.

१९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव यांनीं मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. ही भागीदारी फार काळ टिकली नाहीं. १९१५ सालीं गोविंदरावांनीं शिवराज नाटक मंडळी हा आपला स्वतंत्र संसार थाटला. नट, नाटककार, संगीतकार व मालक अशीं सर्व सोंगें त्यांनीं वठविलीं. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्यापुढें नवें माध्यम आलें. १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठींतील पहिला बोलपट व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं निघाला. त्याचें संगीत गोविंदरावांचें, आणि दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्रहि तेच. १९३९ सालीं ‘माझा संगीत-व्यासंग’ हा ग्रंथ लिहून त्यांनीं आपलें श्रवण शब्दांतहि सांठवून ठेविलें.

त्याच्या पुढच्याच वर्षीं, १ मार्च १९४० पासून, ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या केंद्रांचीं दारें बंद केलीं. कारण तेंच, श्रुति व मींड. १९५५ सालीं गोविंदराव निवर्तले, तेव्हांहि ही बंदी उठलेली नव्हती. त्यांनीं बांधलेल्या चाली आकाशवाणीवरून ऐकूं येत. ज्या वाद्यावर त्यांचा हात घडला, त्याला मात्र तेथें मज्जाव होता. १९७१ सालीं बंदी सैल झाली. मराठवाड्यांतून पुढें आलेले आप्पा जळगांवकर आणि गोव्याचे तुळशीदास बोरकर यांच्या पिढीनें साथीचा व स्वतंत्र वादनाचा वारसा पुढें नेला.

गणिताचा आक्षेप अद्यापि खोटा ठरलेला नाहीं. त्यावर एक तोड मात्र निघाली आहे. कुशल कारागीर सुरांच्या पितळी पट्ट्या घासून त्या तंबोऱ्याच्या स्वयंभू गांधाराशीं जुळवून देतो. अशी पेटी एका ठराविक षड्जालाच खरी बोलते; षड्ज बदलला कीं तिचा मेळ मोडतो. मींड तर कोणत्याच कारागिराला देतां आलेली नाहीं. ती उणीव वादकाच्या कानानेंच भरून काढावी लागते, आणि गोविंदरावांची सारी कारकीर्द या एकाच उद्योगाची कथा आहे.