शिव्यांची पावती

तंबूतल्या सिनेमात निळू फुले पडद्यावर आले की बायकांच्या बाजूने शिव्यांची लाखोली सुरू व्हायची. हा राग तंबूपुरता राहत नसे. निळूभाऊ प्रत्यक्ष समोर आले तरी बायका बिचकत, चार हात लांब राहत. मुलाखतींत ते हे सांगत, पण तक्रार म्हणून नव्हे. ही आपल्या कामाची पावती आहे, असं ते मानत.

खलनायक मराठी पडद्यावर त्यांच्याआधीही होते, नंतरही आले. मग एवढा तळतळाट त्यांच्याच वाट्याला का? त्यांचा पाटील आरडाओरडा करत नाही. आवाज घोगरा, बोलणं संथ, पापण्या जडावलेल्या. घाई समोरच्याला असते, याला नसते. जमीन, कारखाना, पोलीस सगळं याच्याच मुठीत आहे. 'सामना' चित्रपटातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील पाहावा. गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव निघताच त्याच्या अगत्याला जो तडा जातो, तो शब्दांत नाही, नजरेत आहे. असा माणूस प्रेक्षकांनी आपल्या गावात पाहिलेला होता. वाड्यासमोर ज्यांना तोंड उघडता येत नव्हतं, त्या बायका तंबूच्या अंधारात बोलून घेत होत्या, असं मला ठामपणे वाटतं. निळूभाऊंना हे कळत होतं. राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला आणि लोकनाट्यातून वर आलेला हा नट होता. सत्ता खालून कशी दिसते, ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

प्रेक्षकांचा राग त्यांनी मानाने घेतला. मराठी सिनेमाने मात्र त्याच रागाचा साचा केला आणि तोच पाटील त्यांच्या पुढ्यात पुन्हापुन्हा ठेवला. हा अन्यायच होता. 1972 साली रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' पेलणारा आणि 1979 च्या 'सिंहासन'मध्ये राजकारण पाहून आतून कोसळणारा पत्रकार दिगू टिपणीस उभा करणारा नट याहून कितीतरी मोठा होता.

मिळालेल्या लोकप्रियतेचं त्यांनी काय केलं, हेही सांगायला हवं. डॉ. श्रीराम लागूंसोबत त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. पडद्यावर गाव लुटणारा माणूस खऱ्या आयुष्यात गावासाठी झटणाऱ्यांच्या भाकरीची सोय करत होता.

13 जुलै 2009 रोजी ते गेले. आजच्या तरुण पिढीला ते वाड्यावर बोलावणाऱ्या एका वाक्यापुरते आणि त्याच्या नकलांपुरते ठाऊक आहेत. त्या मुलांना माझी विनंती आहे: एका रविवारी 'सामना' आणि 'सिंहासन' पाठोपाठ पाहा, आणि दोन्हीत माणूस एकच आहे हे स्वतःला पटतं का ते बघा.