मुल्लपेरियार धरण
केरळच्या इडुक्की जिल्ह्यात पेरियार नदीवर बांधलेले जुने दगडी गुरुत्व धरण. उंची सु. ५३ मी., लांबी सु. ३६६ मी. जॉन पेनिक्विक या ब्रिटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली १८८७–९५ या काळात ते चुना व सुरखी वापरून बांधण्यात आले. १८८६ च्या ९९९ वर्षांच्या करारान्वये त्याचे पाणी बोगद्यातून तमिळनाडूतील वैगई खोऱ्यात नेतात.

गुरुत्व धरण स्वतःच्या वजनावर उभे असते. झिरपणारे पाणी चुना विरघळवून नेते व बांधकाम हलके होत जाते. शिवाय पायातून वर रेटणारा पाण्याचा दाब त्या काळी हिशोबात धरीत नसत. म्हणून १९७९ मध्ये पातळी १३६ फुटांवर (४१.४५ मी.) उतरवून पुढे माथ्यावर काँक्रीटचा थर, खडकात रोवलेल्या पोलादी तारा आणि मागील अंगास काँक्रीटचा आधार देण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १४२ फुटांस (४३.२८ मी.) मान्यता दिली, तथापि खालच्या खोऱ्यातील लोकवस्तीची केरळची चिंता अनाठायी म्हणता येत नाही.

सु. २६ चौ. किमी.चा हा जलाशय पेरियार व्याघ्र प्रकल्पाचा (१९७८) गाभा होय. बुडालेल्या वृक्षांच्या उभ्या खोडांवर पाणकावळे बसतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठांवर गवत उगवते. हत्ती, गवे व सांबर तेथे चरतात. पातळी वाढविल्यास यांतील काही कुरणे पाण्याखाली जातात. धरण रिकामे केल्यास मात्र जलाशयच उरत नाही.