न्यायाची मोजपट्टी (लेखांक ६) : सरासरी बरोबर, तरी अन्याय का वाटतो?

मागच्या आठवड्यात आपण किमतींबद्दल बोललो. हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरऐवजी २० डॉलरला विकायला काढलं, तर ते योग्य की अयोग्य, असं डॅनियल काह्नेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना विचारलं होतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८२ टक्के लोकांनी त्याला अन्याय म्हटलं. अडलेल्याला नाडू नये, हा बाजाराचा अलिखित नियम त्यातून दिसला.

आज बाजारातून निघून परीक्षेच्या निकालाकडे येऊ. माणसाऐवजी संगणकाच्या सूत्राने निकाल लावला, तर लोक तो मान्य करतात का? कधी करतात, कधी नाही? असे प्रश्न संशोधक सहसा काही शे माणसांना काल्पनिक प्रसंग सांगून तपासतात. २०२० साली इंग्लंडमध्ये मात्र ते लाखो मुलांच्या आयुष्यात खरेच उभे राहिले.

ए-लेव्हल ही तिथली बारावी. विद्यापीठं निकालाआधीच सशर्त प्रवेश देऊन ठेवतात: अमुक विषयांत अमुक श्रेणी आणा, जागा तुमची. श्रेणी ए-स्टारपासून ईपर्यंत आणि त्याखाली यू, म्हणजे नापास. त्या वर्षी करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या. ऑफक्वॉल या परीक्षा नियामक संस्थेने शाळांकडून दोन गोष्टी मागवल्या. एक, परीक्षा झाली असती तर प्रत्येक मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती, याचा शिक्षकांचा अंदाज. दुसरी, त्या विषयातल्या सगळ्या मुलांची पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत लावलेली क्रमवारी.

पुढचं काम सूत्राचं. ते जवळून पाहायला हवं, कारण सगळा वाद त्याच्या पोटात आहे. समजा, एका कॉलेजात रसायनशास्त्राला २० मुलं आहेत. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत तिथे या विषयात साधारण ५ टक्के मुलांना ए मिळाली, १५ टक्क्यांना बी, बहुतेकांना त्याखालच्या श्रेणी, आणि ५ टक्के नापास झाली. यंदाच्या मुलांचे दहावीच्या पातळीवरचे गुण मागच्या मुलांसारखेच असतील, तर यंदाचा निकालही त्याच साच्यात बसवायचा. क्रमवारीत पहिल्या मुलीला ए, पुढच्या तिघांना बी, आणि विसाव्याला यू. शिक्षिकेने तिघांना ए लिहिलेली असो, किंवा विसावा मुलगा यंदा नक्की पास होईल अशी तिची खात्री असो. तिचा अंदाज हिशेबात येतच नाही. तिची क्रमवारी तेवढी वापरली जाते. विसाव्या मुलाने स्वतः काय केलं, याची नोंद त्याच्या क्रमांकापलीकडे या गणितात कुठेच नाही. त्याच्याआधी त्या बाकांवर बसून गेलेल्यांनी काय केलं, त्यावर तो नापास.

याला एक अपवाद ठेवला होता. विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील, तर एवढ्या लहान आकड्यांवर गणित टिकत नाही, म्हणून शिक्षकांचा अंदाज तसाच स्वीकारायचा. पंधरापर्यंत मुलं असतील तर दोन्हींचा मेळ घालायचा. कागदावर ही अट निरुपद्रवी दिसते. पण लहान वर्ग असतात कुठे? महागड्या खाजगी शाळांत, लॅटिनसारख्या मोजक्याच मुलांच्या विषयांत. सरकारी कॉलेजांतले वर्ग भरलेले असतात. त्यामुळे शिक्षकांच्या उदार अंदाजाचा फायदा एका बाजूला गेला आणि सूत्राची कात्री दुसऱ्या बाजूला चालली.

१३ ऑगस्टला निकाल लागला. इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. ए आणि ए-स्टार मिळवणाऱ्यांचं प्रमाण खाजगी शाळांत आदल्या वर्षीपेक्षा ४.७ टक्के-बिंदूंनी वाढलं. सरकारी सिक्स्थ-फॉर्म (अकरावी-बारावीच्या) आणि तत्सम कॉलेजांत ते जेमतेम ०.३ नी हललं. मुलं लंडनमध्ये शिक्षण खात्याच्या दारात जमली. चौथ्या दिवशी, १७ ऑगस्टला, सरकारने सूत्र मागे घेतलं आणि शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरल्या. स्कॉटलंडने त्यांच्या अशाच निकालाबाबत हे पाऊल ११ ऑगस्टलाच उचललं होतं.

आता सूत्र करणाऱ्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती भक्कम होती. शिक्षकांचे अंदाज जसेच्या तसे घेतले तर ए किंवा त्यावरची श्रेणी मिळवणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावरून एकदम एक तृतीयांशाच्या पुढे जात होतं, आणि मागच्या-पुढच्या वर्षांच्या मुलांशी तो अन्याय ठरला असता. माणसाचा अंदाज निःपक्षपाती असतो, असंही नाही. गिल वायनेस यांच्या २०१६ च्या अभ्यासात विद्यापीठ प्रवेशासाठी शिक्षकांनी वर्तवलेले निकाल फक्त १६ टक्के अर्जदारांच्या बाबतीत तंतोतंत खरे ठरलेले दिसले. बहुतेकांना जास्तच वर्तवलं गेलं होतं. पण हुशार आणि गरीब घरच्या मुलांना कमी वर्तवलं जाण्याची शक्यता तितक्याच हुशार सुखवस्तू मुलांपेक्षा अधिक होती. शिवाय सूत्राने लावलेला एकूण निकाल २०१९ पेक्षा किंचित चांगलाच होता. सरासरी सांभाळली गेली होती. मग एवढा संताप कशाचा?

इथे सामाजिक मानसशास्त्राचं जवळपास पन्नास वर्षांचं काम उपयोगी पडतं. जॉन थिबो हे मानसशास्त्रज्ञ आणि लॉरेन्स वॉकर हे कायद्याचे प्राध्यापक. दोघांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात खटल्यांच्या कार्यपद्धतींवर प्रयोग केले आणि १९७५ साली ते पुस्तकरूपाने मांडले. आपली बाजू आपल्याला मांडता आली, तर निकाल विरुद्ध गेला तरी लोक त्या पद्धतीला न्याय्य म्हणतात, असं त्यांना आढळलं. टॉम टायलर यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेबाहेर नेला. त्यांनी शिकागोत १,५७५ लोकांना पोलिस आणि न्यायालयांच्या अनुभवाबद्दल विचारलं. कायद्याबद्दलचा आदर आपल्याला काय मिळालं यापेक्षा आपल्याशी कसं वागलं गेलं यावर अधिक टिकून असतो, हा त्यांच्या १९९० च्या पुस्तकाचा निष्कर्ष.

१९९० सालचाच ॲलन लिंड, रूथ कॅन्फर आणि ख्रिस्टोफर अर्ली यांचा प्रयोग मला या साऱ्यात सर्वांत बोलका वाटतो. सहभागी लोकांना एक काम आणि त्याचं उद्दिष्ट ठरवून दिलं होतं. काहींना उद्दिष्ट ठरण्याआधी मत मांडू दिलं, काहींना ते पक्कं झाल्यावर, काहींना अजिबात नाही. आधी बोलू दिलेल्यांना पद्धत सर्वांत न्याय्य वाटली, यात नवल नाही. पण ज्यांना निर्णय पक्का झाल्यावर बोलू दिलं, म्हणजे ज्यांच्या बोलण्याने काहीच बदलणार नव्हतं, त्यांनाही ती गप्प ठेवलेल्यांपेक्षा जास्त न्याय्य वाटली. आपल्याला माणूस म्हणून मोजलं गेलं का, हे लोक तिथे तपासत असतात. याचा गैरफायदा घेता येतो, हेही खरं. नुसतं ऐकल्यासारखं करून वेळ मारून नेणारे साहेब आपल्याला ठाऊक आहेत. पण गरज खरी आहे.

जेराल्ड लेव्हेन्थाल यांनी १९८० साली न्याय्य कार्यपद्धतीचे सहा निकष सांगितले: सर्वांना एकच नियम, पक्षपाताला आळा, माहिती अचूक, चूक दुरुस्त करण्याची सोय, संबंधितांचं म्हणणं विचारात घेणं, आणि नीतीला धरून वागणं. इंग्लंडचं सूत्र यावर घासून पाहा. लहान-मोठ्या वर्गांना वेगळा नियम लागल्याने पहिलाच निकष ढासळला. चूक दुरुस्त करायची तर मुलाला स्वतः दाद मागता येत नव्हती. अपील शाळेने करायचं, तेही मर्यादित कारणांवर. सराव परीक्षेच्या गुणांवर अपील करता येईल, असं आश्वासन निकालाच्या तोंडावर दिलं गेलं. १५ ऑगस्टला त्याचे नियम जाहीर झाले आणि काही तासांत मागेही घेतले गेले. म्हणणं ऐकण्याबाबत तर काही बोलायलाच नको. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने एप्रिलमध्येच आपले दोन तज्ज्ञ देऊ केले होते. त्यांच्यापुढे पाच वर्षांच्या गोपनीयतेचा करार ठेवण्यात आला आणि संस्थेने तो नाकारला. सूत्राचा तीनशेहून अधिक पानांचा तपशील लोकांसमोर आला तो निकालाच्याच दिवशी.

म्हणजे लोकांना यंत्राचाच राग आहे का? संशोधन तसं सांगत नाही. मिन क्यूंग ली यांनी २०१८ साली लोकांपुढे कामाच्या ठिकाणचे काही निर्णय ठेवले. कामाची वाटणी किंवा पाळ्या लावणं यांसारखी कामं माणसाने केली काय आणि संगणकाने केली काय, लोकांना सारखीच न्याय्य वाटली. नोकरीसाठी निवड आणि कामाचं मूल्यमापन संगणकाने केलं असं सांगितलं, तेव्हा मात्र विश्वास घसरला. माणसाची पारख माणसाला कळते, असं लोक म्हणाले. बर्कली डिटवोर्स्ट, जोसेफ सिमन्स आणि केड मॅसी यांनी २०१५ साली दाखवलं की संगणकाचा अंदाज चुकलेला एकदा पाहिला, की लोक त्याच्यावरचा भरवसा फार लवकर सोडतात. माणसाच्या चुकीला ते अधिक सांभाळून घेतात. पण याच तिघांच्या २०१८ च्या अभ्यासात, संगणकाच्या अंदाजात थोडासा फेरफार करण्याची मुभा दिली, तेव्हा लोक तो सदोष अंदाजही वापरायला बरेच अधिक राजी झाले. फेरफार किती मोठा करता येतो, याने फारसा फरक पडला नाही. आपला हात त्यात पोचतो, एवढं पुरेसं होतं.

परीक्षेविना निकाल लावण्याचा इंग्लंडमधला पेच पुढच्याच वर्षी आपल्याकडेही आला. २०२१ साली सीबीएसईने दहावीसाठी शाळांना अंतर्गत गुण द्यायला सांगितले. पण शाळेच्या मागच्या तीन वर्षांतल्या सर्वोत्तम निकालाचं वर्ष आधाराला धरून विषयाची सरासरी त्याच्या दोन गुण वर-खालीच ठेवा, असं बंधन घातलं. शाळेचा भूतकाळ इथेही मुलाच्या मानेवर बसला. मात्र त्या चौकटीत कोणाला किती द्यायचे, हे शाळेतली समिती ठरवत होती. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. मग अकरावी प्रवेशासाठी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर सीईटी ठरली. दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थिनीने दाद मागितली आणि १० ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली. लेव्हेन्थाल यांचा पहिला निकष इथे न्यायालयात पोचला होता.

एरवी आपल्या मंडळाच्या निकालावर कितीही नाराजी असो, गुणपडताळणीचा अर्ज, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या पायऱ्या मुलाला माहीत असतात. छायाप्रत हातात घेऊन शिक्षकांकडे जाता येतं, चौथ्या प्रश्नाला शून्य का, असं विचारता येतं. बहुतेकांचे गुण बदलत नाहीत. तरी त्या प्रतीत स्वतःचं अक्षर दिसतं, आणि वाद घालायला काहीतरी हाती असतं. सूत्राने नापास केलेल्या मुलाकडे अशी उत्तरपत्रिकाच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. शिष्यवृत्ती असो, नोकरभरती असो की रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, नवी यंत्रणा आणणारे तिची अचूकता टक्क्यांत सांगतात. ती सांगावीच. पण ठसा न जुळलेल्या म्हातारीला त्या टक्केवारीचा उपयोग नाही. तिने कोणाकडे जायचं, त्या माणसाला निर्णय बदलायचा अधिकार आहे का, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिचं धान्य थांबणार का, याची उत्तरं यंत्रणा सुरू होण्याआधी लेखी जाहीर झाली पाहिजेत. ती मागणाऱ्याला प्रगतीचा विरोधक म्हणणं चूक आहे. इंग्लंडमधल्या मुलांनी गणिताला विरोध केला नव्हता. आपल्या कामावर आपला निकाल लागावा, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते रास्त होतं.

(पुढील लेखांकात : चालकाविना चालणाऱ्या गाडीने अपघाताच्या क्षणी कोणाला वाचवावं? २३३ देश-प्रदेशांतल्या लोकांनी दिलेल्या उत्तरांचा अभ्यास.)