अदलाबदल रास्त कशी ओळखावी?

हल्ली मुले वहीत किंवा फोनवर क्रिकेटचे संघ मांडून एक खेळ खेळतात. मैदानावरचे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे, त्यांच्या खऱ्या धावा-बळींवरून गुण मोजायचे आणि मध्येच खेळाडूंची अदलाबदल करायची. भांडणे पेटतात ती इथे. ‘ह्याने त्याला लुबाडले!’ पण लुबाडले की नाही, हे ठरवायचे कसे?

खऱ्या मैदानावरचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलच्या चेन्नई संघाने रवींद्र जडेजा व सॅम करन हे दोघे राजस्थानला दिले आणि एकटा संजू सॅमसन घेतला. दोन देऊन एक, म्हणजे चेन्नई बुडाली काय? छे! यष्टिरक्षक धोनी तेव्हा ४४ वर्षांचा; चेन्नईला त्याच्यामागून कोणी हवाच होता. गोठ्यात चार बैल आहेत, पण घरात दूध नाही, असा शेतकरी दोन बैल देऊन गाय घेतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही.

तेव्हा नुसती डोकी मोजू नका. दोघांची गरज पाहा, तीही सौद्याच्या दिवशीची. पुढे खेळाडू जायबंदी झाला, तर तो नशिबाचा भाग.

मात्र तळाला गेलेला गडी आपला उत्तम फलंदाज दोस्ताला फुकटात देऊ लागला, तर? तिथे नुकसान देणाऱ्याचे नाही, उरलेल्या सगळ्यांचे होते. असा सौदा पंचाने मोडावा. पंच अर्थात स्वतः न खेळणारा हवा. आपले गुरुजी चालतील. त्यांनी देणाऱ्याला एवढेच विचारावे: ‘बाबा रे, यात तुझ्या संघाचे काय भले झाले?’ धड उत्तर आले, तर सौदा राहू द्यावा.